तीन पोरं, एक चहाची गाळणी: ओढा ते खाडी

यंदा भाऊबीजेला भावाने ताम्हणात पाकीट ठेवलं नाही, दोन पोरं ठेवली. "चार दिवस राहू देत तुझ्याकडे, आम्ही जरा झोपतो," म्हणाला आणि वहिनीसकट गाडीत बसून गेलासुद्धा. माऊ अकरा वर्षांची, गोट्या सहा. ती दोघं आली म्हटल्यावर शेजारच्या काकूंचा नऊ वर्षांचा मुलगाही दिवसभर आमच्याकडेच. तो प्रत्येक वाक्यावर 'पण का?' विचारतो, म्हणून मजल्यावर त्याचं नावच पणका पडलंय.

माऊला सुट्टीचा प्रकल्प होता, 'पाण्यातील सजीव'. तिने नदी काढली होती. नदीत मासा, कासव, कमळ आणि तळाशी एक टपोरा तारामासा. मी आत्याच्या अधिकाराने म्हटलं, "अगं, तारामासा फक्त समुद्रात असतो, नदीत नाही." ती म्हणाली, "मग नदीत काय असतं?" मी मासा, बेडूक, खेकडा म्हटलं आणि थांबले. पंचेचाळीस वर्षं ठाण्यात, म्हणजे तलावांच्या शहरात, खाडीच्या काठावर काढली आणि चौथं नाव आठवेना. त्या थांबण्यातून ही सहल निघाली.

सामान घरातलंच घेतलं. चहाची जुनी गाळणी, आइस्क्रीमचे दोन पांढरे डबे, एक पांढरी मेलामाइनची थाळी, चित्रकलेचा मऊ ब्रश, टपालाची तिकिटं बघायचं बाबांचं भिंग. रंग पांढराच हवा, कारण स्टीलच्या थाळीत मातकट किडा दिसतच नाही. ब्रश अशासाठी की बोटांच्या चिमटीत या जिवांचे पाय तुटतात.

पहिला दिवस: येऊर, हात पाठीमागे

ठाणे स्टेशनजवळून टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची, बस येऊरला जाते. सातच्या आत पोचलो. नोव्हेंबर लागला तरी वर डोंगरात सकाळी गारवा होता, आणि खालच्या शहरात रात्रभर फटाक्यांच्या धुरात झोपलेल्या नाकांना तो लगेच कळला.

गाळणी मुद्दाम घरी ठेवली होती. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, आणि तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू. पकडायचं नाही, उचलायचं नाही, घरी न्यायचं नाही, अगदी शंखसुद्धा. पोरांना सांगितलं, आज हात पाठीमागे. मग तिघंही शाळा तपासायला आलेल्या साहेबांसारखी पाठीमागे हात बांधून चालायला लागली.

रस्त्याकडेच्या एका लहानशा डोहात पाण्यावर पळणारे लांब पायांचे किडे होते. मी किड्यांकडे बघत होते, गोट्या तळाकडे. "आत्या, खाली टिकल्या पळतायत." खरंच होतं. स्वच्छ पाण्याच्या तळाशी, दगडावर, चार गोल काळ्या सावल्या एकत्र सरकत होत्या. पाय सुतळीच्या धाग्याएवढे आणि सावल्या मात्र वाटाण्याएवढ्या! किड्याचा पाय पाण्यात शिरत नाही, पृष्ठभाग नुसता दाबला जाऊन तिथे खळगा पडतो, आणि त्या खळग्यामुळे उजेड बाजूला वळतो. सावली पडते ती पायाची नाही, खळग्याची. किड्याला पाय सहा. पुढचे दोन आखूड, ते भक्ष्य धरायला. पाण्यात चिलट पडून तडफडलं की त्याच्या लाटा पायांना कळतात आणि हा धावतो.

"पण बुडत का नाही?" याचं उत्तर रात्री घरी दिलं. थाळीत पाणी, त्यावर टिश्यूचा तुकडा, तुकड्यावर सुई. टिश्यू भिजून खाली गेला, सुई तरंगत राहिली. मग भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला. सुई टुपकन तळाला. पणका पहिल्यांदाच काही न विचारता थाळीकडे बघत बसला. नंतर म्हणाला, "म्हणजे ओढ्यात कपडे धुतले तर हे बुडणार?" (हा प्रयोग थाळीतच करा. ओढ्यात साबण नको, कारण त्याने नेमकं काय होतं ते सुईने दाखवलेलंच आहे.)

डोहापाशी आम्ही उकिडवे बसलेले बघून एक वनरक्षक थांबले. "बिबट्या बघायला आलात?" गोट्या म्हणाला, "नाही, किडे." त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काठी बाजूला ठेवून तेही बसले. पलीकडच्या कोपऱ्यात काळे चकचकीत, तिळाहून थोडे मोठे भुंगे पाण्यावर वेड्यासारखे गोल गोल फिरत होते. "हे बघा, यांना वरनं काठी दाखवली तरी पळतात, खालनं मासा आला तरी पळतात." त्याचं कारण फार सुंदर आहे. या भिरभिऱ्या भुंग्याचा प्रत्येक डोळा दोन भागांत विभागलेला असतो, वरचा अर्धा हवेत बघायला आणि खालचा पाण्यात. दहा मिनिटं बसून साहेब उठले. "वीस वर्षं इथे आहे, किडे बघायला आलेली पहिलीच मंडळी," म्हणाले आणि वर, संध्याकाळी इथे थांबू नका, असंही बजावलं.

खाली उतरून मिसळ खाल्ली. गोट्याने फरसाण वेगळं काढून खाल्लं आणि रस्सा माझ्या वाटीत ओतला.

दुसरा दिवस: दगडाखालची वस्ती

मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या दिशेला माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं माहेर. गावाचं नाव लिहीत नाही. मागे एका धबधब्याचं नाव लिहिलं होतं, पुढच्या पावसाळ्यात तिथे बाटल्यांचा खच.

कल्याणहून एसटी. रायत्याच्या पुलावर उल्हास नदी ओलांडली. कंडक्टरने गाळणी बांधलेली बांबूची काठी बघून विचारलं, "ही कुठली जत्रा?" बस मुरबाड सोडून पुढे गेली तसा उजव्या हाताला सह्याद्रीचा कडा उभा राहिला, आणि नानाचा अंगठा ओळखायची स्पर्धा लागली. तिघांनी तीन वेगवेगळे डोंगर दाखवले.

मैत्रिणीच्या आईला सगळे माई म्हणतात. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, उरलेला फराळ. हात धुतो न धुतो तोच पोरं ओढ्याकडे पळाली. सगळीकडे भातकापणी चालू होती, हवेत कापलेल्या भाताचा गोडसर वास. ओढा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, पाणी इतकं नितळ की खोली कळत नव्हती. ती न कळल्यामुळेच मी पहिल्या पाच मिनिटांत शेवाळावरून घसरले आणि माझी डावी चप्पल वाहून गेली. नदीकाठी पट्ट्याचे सँडल किंवा जुने बूट घालावेत हा उपदेश मी तिघांनाही घरून निघताना केला होता.

ठाकरवाडीतले एक बाबा बांधावर बसून हे पाहत होते. ते हसले नाहीत, पण तोंड फिरवलं. मग खाली उतरले आणि एवढंच म्हणाले, "बाई, दगड आपल्याकडं नाय उचलायचा. पलीकडनं उचलायचा." म्हणजे दगडाची दूरची कड आधी वर करायची. खाली विंचू, साप काही असेल तर तोंड तुमच्याकडे नाही, दगड मध्ये ढालीसारखा. पोरांनी हे एका फटक्यात शिकून घेतलं. माझं सगळं वाचलेलं ज्ञान त्या एका वाक्यापुढे फिकं पडलं.

पहिला दगड माऊने उलटा केला. खालची बाजू ओली, काळी, रिकामी. "काहीच नाही." दगड तसाच हातात धरून आम्ही वीस सेकंद थांबलो, आणि मग तो दगड हलायला लागला. चपटे, दगडाच्याच रंगाचे किडे सरसर कडेकडे सरकत होते. शेपटीकडे तीन लांब बारीक धागे आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखं काहीतरी फडफडतंय. ते कल्ले. ही मेफ्लायची पिल्लं, आमच्या भाषेत 'तीन-शेपट्या'. महिनोन् महिने पाण्यात दगड खरवडून खातात, आणि पंख फुटून वर आली की काही तास, फार तर दोनचार दिवस जगतात. त्या वेळी त्यांना चालतं तोंडच नसतं, खायचं काही नाही. गोट्याला याचं फार वाईट वाटलं. "लाडूपण नाही?"

मग रांगच लागली. दोनच शेपट्यांचा एक किडा, तो स्टोनफ्लाय, म्हणजे आमची 'दोन-शेपटी'. त्याला पाण्यात भरपूर प्राणवायू लागतो, घाण पाण्यात तो टिकत नाही. एका दगडाला चिकटलेली गोल, तपकिरी चकती बघून माऊ ओरडली, "आत्या, तुझी टिकली पडली." ती टिकली चालत होती! एका भुंग्याची अळी, नाण्यासारखी चपटी, धारेत वाहून जाऊ नये म्हणून दगडाला अशी घट्ट की नखाने निघेना. ब्रशने निघाली. खालून पाय आणि कल्ले, वरून नुसती टिकली. मराठी नाव मला आलं नाही, आमच्या वहीत ती 'टिकली' म्हणूनच लिहिली आहे.

पणकाला वाळूचा एक कण सरकताना दिसला. भिंगाखाली धरलं तर तो एक कण नव्हता, वाळूचे पन्नासेक कण रेशमाने जोडून केलेलं नळकांडं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं, आणि त्याच्या तोंडातून डोकं आणि पाय काढून आतला जीव घर ओढत चालला होता. कॅडिसफ्लायची अळी. तिच्या तोंडातून रेशीम निघतं. थोडं वर, जोराच्या धारेत, तिच्याच जातभाईंनी घर न बांधता दगडांच्या फटीत कोळ्यासारखी जाळी लावली होती. वाहत येईल ते खायचं, जाग्यावरून हलायचं नाही. हे बघून मला माझं ऑफिस आठवलं, ते जाऊ दे.

एव्हाना गावातली सहा पोरं जमली होती. त्यातल्या एकाने आमची गाळणी बघून विचारलं, "च्या गाळायचाय का?" त्याच्याकडे जुन्या मच्छरदाणीचा तुकडा होता. दोघांनी तो धारेत आडवा धरला, तिसऱ्याने वरच्या अंगाला पायाने तळ ढवळला, आणि अर्ध्या मिनिटात आमच्या तासाभराच्या कमाईच्या पाचपट माल मच्छरदाणीत आला. त्यात एक चिंबोरी (म्हणजे खेकडा) होती, काचेसारखे आरपार झिंगे होते. भिंगातून त्यांचं काळीज उडताना दिसत होतं. आणि एक बोटभर मासा, जो डब्यात न पोहता डब्याच्या भिंतीला चिकटून बसला. "मळ्या," तीन पोरं एकदम म्हणाली. त्याच्या हनुवटीखाली गोल चकती असते, तिने तो धारेत दगड धरून राहतो. १८३९ मध्ये साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनचे मासे नोंदवले तेव्हा याच्या शास्त्रीय नावात 'मुल्या' आलं ते इथल्या बोलीतूनच. ओढ्यावरच्या त्या पोराला हे सांगितलं तर म्हणाला, "मग बरोबरच आहे की."

आता चूक सांगते. मी सगळं एकाच डब्यात ठेवलं. त्यात एक दांडगा, मातकट, सहा पायांचा, चेहऱ्यावर काहीच भाव नसलेला किडा होता, चतुराचं पिल्लू. पाच मिनिटांनी डबा पाहिला तर दोन 'तीन-शेपट्या' गायब आणि तिसरी त्याच्या तोंडात. त्याचा खालचा ओठ घडी घालून हनुवटीखाली ठेवलेला असतो, भक्ष्य टप्प्यात आलं की तो बाणासारखा पुढे येतो आणि टोकाच्या आकड्यांनी पकडून परत घडी होतो. आम्ही सगळ्यांनी तो हल्ला एकदा डोळ्यांनी पाहिला, इतका झटकन की गोट्या मागे पडला. माऊचे डोळे भरले. पणकाला वेगळाच शोध लागला. ब्रशने टोचलं की हा पाय न हलवता रॉकेटसारखा पुढे जातो. गुदद्वारातून पाणी पिचकारीसारखं मागे सोडतो, आणि त्याचे कल्लेही आत तिथेच असतात. ही माहिती मी दिली, आणि पुढचे तीन दिवस मला तिचा पश्चात्ताप होत राहिला.

तर, चतुराच्या पिल्लाला स्वतंत्र डबा. डबे सावलीत ठेवायचे आणि दर दहा मिनिटांनी पाणी बदलायचं, कारण थांबलेलं पाणी तापतं आणि त्यातला प्राणवायू संपतो. वाहत्या पाण्यातले जीव आधी जातात. आणि सोडताना जिथून घेतलं तिथेच, दगडही होता तसा, त्याच बाजूवर. ते त्यांचं छप्पर असतं. या नियमाची अंमलबजावणी पणकाने इतकी कडक केली की एका दगडासाठी गावातल्या पोरांशी भांडण झालं. तो दगड त्याला पाऊण वीत अलीकडे ठेवल्यासारखा वाटत होता.

चारच्या सुमाराला कड्यामागून ढग आले. बाबांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "पोरं काढा." डोंगरात पाऊस पडत असेल तर ऊन असतानाही ओढ्यात थांबायचं नाही, पाणी सांगून येत नाही. आम्ही बांधावर पोचलो आणि टपोरे थेंब सुरू झाले. मग जे झालं ते सहलीच्या वेळापत्रकात नव्हतं. कापून पसरलेलं भात शेतात उघडं होतं. सगळं गाव धावलं. ताडपत्र्या, गोणपाट, कुणाच्या पडवीतल्या चटया. माई पदर खोचून भारे उचलत होत्या, माऊ आणि पणका त्यांच्यामागे जमेल तेवढ्या पेंढ्या कवेत घेऊन पळत होते, गोट्या एकच पेंढी घेऊन तीन फेऱ्या करत होता. वीस मिनिटांत पाऊस गेला. निम्मं भात वाचलं, निम्मं भिजलं. माई खळ्याच्या कडेला बसून हाताने एक लोंबी दाबून बघत राहिल्या. "उद्या ऊन पडलं तर होईल," म्हणाल्या. आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील.

रात्री जेवायला चिंबोऱ्यांचा रस्सा. अमावास्या होऊन चारच दिवस झालेले, म्हणजे त्या भरलेल्या असणार असं इथलं गणित. लहान नांग्या पाट्यावर वाटून त्यांचं पाणी रश्श्यात घालतात, त्यानेच चव येते. ते पाणी गाळायला माईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आमची गाळणी घासून घेतली. माऊ म्हणाली, "दुपारी जिला बघितलं तीच ही?" कोणी उत्तर दिलं नाही. ती लोणच्याशी भाकरी खाऊन उठली. गोट्याने तीन चिंबोऱ्या खाल्ल्या आणि कवचं ताटात ओळीने मांडली. बाबा दारात पान खात बसले होते, ते माऊला म्हणाले, "पावसाच्या सुरवातीला ये. पोटाखाली पिल्लं घेऊन फिरते ती. तशी घावली तर आम्ही सोडतो." ओढ्यातली ही खेकडी अंड्यांतून सरळ खेकड्याचीच पिल्लं काढते, समुद्रातल्या खेकड्यांसारखी पोहणारी अळी मध्ये नसते. पोटाच्या झाकणाखाली शेंगदाण्याहून लहान पिल्लांचा घोळका असतो. माऊने जूनची तारीख विचारून घेतली.

तिसरा दिवस: पाणी निवळेपर्यंत

सकाळी ओढा चहाच्या रंगाचा. गाळणी घातली तर नुसता गाळ. पोरं चिडली. बाबा म्हणाले, "निवळी येऊ द्या, मग या." पाण्यावर पळणाऱ्या सगळ्याच किड्यांना ते निवळी म्हणतात. ती फिरायला लागली की पाणी निवळलं समजायचं.

मग सकाळभर भात वाळत घातलं. ऊन लख्ख पडलं होतं. माईंच्या कपाळावरची आठी अकराच्या सुमाराला गेली आणि त्यांनी आपणहून पोरांना नाचणीचे लाडू काढून दिले.

दुपारी निवळ्या आल्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे तो रानातून बाहेर येतो तिथे, बाबा आम्हाला घेऊन गेले. एका कपारीपाशी गोट्याला मेलेला खेकडा सापडला. उचलला तर हलका, पोकळ, डोळ्यांच्या खोबणीसकट रिकामा. मेलेला नव्हता, कात होती. खेकडा वाढतो तेव्हा जुनं कवच मागून उघडून मऊ अंगाने बाहेर येतो आणि नवं घट्ट होईपर्यंत लपून बसतो. "म्हणजे तो इथेच कुठेतरी नागडा आहे," पणका म्हणाला, आणि सगळे कपारीत वाकून बघायला लागले. मी त्यांना ओढून काढलं.

बाकी तासभर माऊने गंभीरपणे मोजणी केली. खालच्या डोहात, जिथे बायका कपडे धुतात आणि बैल बसतात, पाच दगड. वरच्या धारेत पाच दगड. वर तीन-शेपट्या सत्तावीस, दोन-शेपट्या चार, टिकल्या सहा. खाली तीन-शेपट्या आठ, दोन-शेपट्या एकही नाही, गोगलगायी मात्र भरपूर. तिने मला काही विचारलं नाही. वहीत रेघ मारून दोन रकाने केले आणि तिसरा रिकामा ठेवला.

परत येताना पाण्यातून एक पिवळसर, काळ्या चौकड्यांचा साप मासा तोंडात धरून काठावर आला. माझे पाय जागीच. "दिवड हाय, इखारी नाय," बाबा म्हणाले, "पण चावतो." आम्ही दहा हात लांब उभं राहून त्याचं जेवण पाहिलं. मासा डोक्याकडून गिळायला त्याला चार मिनिटं लागली.

चप्पल मिळाली नाही. माईंच्या दोन नंबर मोठ्या स्लिपर घालून एसटीत चढले. रायत्याचा पूल आला तेव्हा पणकाने विचारलं, "आपल्या ओढ्याचं पाणी यात आहे?" मी म्हटलं, यात नाही, पण भेटतं. ओढा काळू नदीला, काळू कल्याणजवळ उल्हासला, आणि उल्हास ठाण्यापाशी खाडीला. "मग माझी तीन-शेपटी ठाण्याला येईल?" माऊने माझ्याकडे पाहिलं. उद्या बघू, म्हटलं.

चौथा दिवस: ऐरोली, तिथीची पाऊणपट

खाडीत जायचं तर ओहोटी हवी. त्यासाठी मोबाइल लागत नाही. किनाऱ्यावरचं जुनं गणित आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्या दिवशी षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे भरती साडेचारला आणि ओहोटी साडेदहाच्या आसपास. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. खाडीच्या आतल्या बाजूला थोडी उशिराने धरायची.

साडेनऊला ऐरोलीला पोचलो. इथे वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, आणि कांदळवनाच्या कडेने खाडी बघता येते. २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलं, त्यामुळे इथेही पुन्हा हात पाठीमागे. फ्लेमिंगो इतक्या लवकर नव्हते. पोरांना फरक पडला नाही.

चिखल उघडा पडला होता आणि त्यावर मासे चालत होते. निवटी. पुढच्या परांवर कोपरं टेकल्यासारखी सरकते, डोळे डोक्याच्या वर, आणि ते कोरडे पडले की खोबणीत खाली ओढून ओले करून घेते. ओली कातडी आणि तोंडाच्या आतलं अस्तर यांतून ती हवेतला प्राणवायू घेते. बाजारात निवट्या विकायला असतात, त्या मी कितीदा आणल्यात. चालताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या पलीकडे नखाएवढे खेकडे, नरांचा एक नांगा अंगापेक्षा मोठा, तो वरखाली हलवून सगळे कुणाला तरी बोलावत होते. गोट्या तासभर त्यांना परत हात हलवत होता.

माऊचा तिसरा रकाना मात्र इथे भरला नाही. ती म्हणाली, "हे खारं पाणी. ओढ्याशी तुलना कशी करणार?" बरोबर होतं. म्हणून घरी जाताना आमच्या वसाहतीमागे खाडीकडे जाणाऱ्या नाल्यापाशी थांबलो. पोरं वर रस्त्यावर, मी एकटी रबरी हातमोजे घालून खाली, काठीला गाळणी. ठाण्यात अशा पाण्यात मुलांना उतरवू नये. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) होतो, आणि पायाला जखम असेल तर मोठ्यांनीही लांब राहावं. गाळणीतला काळा गाळ थाळीत टाकला आणि वर आणून दाखवला. त्यात बारीक, लालभडक, वळवळणाऱ्या अळ्या. डझनभर. दुसरं काही नाही.

"रक्त प्यायल्यात?" पणका.

नाही. त्यांच्या अंगात आपल्या रक्तात असतं तसंच हिमोग्लोबिन असतं. जिथे प्राणवायू जवळजवळ नसतो तिथे तो धरून ठेवायला. माऊने तिसऱ्या रकान्यात लिहिलं: तीन-शेपट्या ०, दोन-शेपट्या ०, टिकल्या ०, लाल १२.

घरी आल्यावर दप्तरं उपसताना गोट्याची पाण्याची बाटली सापडली. आत मुरबाडचं पाणी आणि एक गोगलगाय. तिसऱ्या दिवसापासून त्याने ती लपवली होती. "ती एकटी होती," असा बचाव. आता हिचं करायचं काय? खाडी खारी, नाला तसला, आणि उपवनच्या तलावात दुसऱ्या ओढ्याची गोगलगाय नेऊन सोडायची नाही, कुठलाही जीव परक्या पाण्यात सोडू नये. शेवटी ती आठवडाभर माझ्या ओट्यावर राहिली, रात्रभर उघडं ठेवलेलं नळाचं पाणी आणि मेथीच्या पानावर. पुढच्या शनिवारी मैत्रीण माहेरी निघाली तेव्हा फराळाच्या रिकाम्या डब्याबरोबर तीही एसटीने गेली.

संध्याकाळी फोटो आला. ओढा, ओल्या दगडावर गोगलगाय, मागे बाबांचे पाय. तिघांनाही पाठवला. माऊने अंगठा पाठवला. गोट्याने वहिनीच्या फोनवरून सतरा हृदयं पाठवली. पणका स्वतः दार वाजवून आला, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला,

"पण हा तोच दगड आहे का?"